एक माप लहान चुडा

मान्यांच्या धाकट्या सुनेनं, हर्षितानं, ठरवून टाकलं होतं की आता परीक्षा नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म पुन्हा निघाले होते. रुग्णालयातल्या मैत्रिणी रोज विचारत. सीमेवरून नवरा समरजीत फोनवर कानीकपाळी ओरडे, ‘अगं, भरून टाक ना फॉर्म, तेरा क्या जाता है.’ पण बाई ढिम्म. नशिबात नाही म्हणायची आणि ड्यूटीवर जायची.

नशीब म्हणे. नशीब कसलं डोंबलाचं!

मागल्या साली झालं ते असं. शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या या घरात चैत्रातलं हळदीकुंकू मोठं. गौर बसते, आंब्याची डाळ आणि पन्हं होतं, आणि दौलतगंजातले गोपाळकृष्ण कासार येऊन चार बायकांदेखत घरच्या सुनांना हिरवा चुडा भरतात. सासूबाई लीलाताईंचा हा नेम. त्या साली हळदीकुंकवाचा दिवस मोठ्या सुनेनं, संग्रामसिंहाच्या बायकोनं, नीलमनं, ठरवला, तो नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशीचा. दुसऱ्या सकाळी परीक्षा केंद्राच्या फाटकावर शिपाई म्हणाला, ‘मैडम, काँच की चूड़ियाँ उतारिए.’ मंगळसूत्र चालत होतं, काच चालत नव्हती.

बांगड्या काही निघेनात. हर्षितानं नळाखाली साबण लावून ओढून पाहिल्या, हात सुजला, कातडी सोलली, पण छे. सोडायला आलेली नीलम तिच्या कानाशी लागली. ‘वाढवू नकोस गं बाई. समरजीत भावजी तिकडे सीमेवर. परीक्षा काय, पुढल्या साली पण येईल. मी तर नसत्या वाढवल्या.’ मान्यांच्या घरात बांगडी फोडली असं कोणी म्हणतसुद्धा नाही, वाढवली म्हणतात. हर्षिताचा हात उचलेना. ती तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत फाटक बंद झालं.

आता हे सगळं नशिबावर ढकलून ती गप्प बसली असती. पण माघात एका लग्नासाठी ती बांगड्या घ्यायला दौलतगंजात गेली. गोपाळकृष्णांनी तिचा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘वहिनीसाहेब, तुमचं माप अडीचचं. मागल्या साली एक माप लहान कशाला भरून घेतलं? मोठ्या वहिनीसाहेब दुकानावर येऊन सांगून गेल्या होत्या, धाकटीला सैल पसंद नाही, जरा तंग भरा. मला तर तेव्हाच अजीब वाटलं.’

तळपायाची आग मस्तकात गेली. हर्षिता तिथेच बाकावर बसली. नीलमनं हे का केलं, ते सांगायला ज्योतिषी नको होता. लीलाताईंना अर्धांगवायू झाल्यापासून घरात एक सून हवीच होती. दोघी जावा नर्स, दोघींना पुढे शिकायचं, आणि म्हातारीनं अंथरुणावरून निवाडा दिला होता, ‘जिचा नंबर आधी लागेल ती जाईल. दुसरी दोन वर्षं नोकरी सोडून माझं करेल.’ नीलम आधी एकदा नापास झालेली, मागल्या साली तयारी नव्हती म्हणून बसली नव्हती. धाकटीचा नंबर लागला असता तर नीलमच्या नशिबी म्हातारीचं शौचाचं भांडं उचलणं आणि कूस बदलणं.

त्याच संध्याकाळी हर्षितानं फॉर्म भरला. नीलमनंही भरला होता.

सूड हा शब्द चांगल्या घरातल्या बायका तोंडात घेत नाहीत. हर्षितानं तो पाठ केला. औषधांचे डोस घोकताना तिच्या डोळ्यापुढे नीलमचं तोंड असे आणि डोस पक्के बसत. राग हा फार चांगला मास्तर, फक्त झोप लागू देत नाही. जेवायला वाढताना ती मात्र अशी गोड, की शब्दांना मुंग्या लागाव्यात. ‘ताई, पोळी घ्या ना अजून. अभ्यास करता, अंगाला लागायला हवं.’

यंदा हळदीकुंकवाचा दिवस तिनं ठरवला. परीक्षेच्या आदल्या दिवशीचाच. लीलाताई खूश झाल्या, धाकटीला घरच्या रीतीची चाड आहे म्हणाल्या. कासारांच्या दुकानावर ती आधीच जाऊन आली होती. ‘मोठ्या वहिनींना सैल पसंद नाही. मला अडीचच्याही वरचं माप द्या.’ गोपाळकृष्णांनी बांगड्यांच्या माळा काढून ठेवल्या. मग म्हणाले, ‘तुम्हा लोकांचं तुम्ही जाणा.’

गौरीपुढे पाट मांडला होता. शेजारच्या मंदाताई, दुर्गाकाकू, सगळ्या डाळीच्या वाट्या घेऊन बसलेल्या. नीलमनं हात पुढे केला आणि पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. तिनं मान वर करून हर्षिताकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पण सासूसमोर, एवढ्या सवाष्णींसमोर चुड्याला नको कसं म्हणणार? कासारांनी हात दाबला, बांगडी सरकली. नीलमनं दुसरा हात पुढे केला. हर्षितानं तिला पन्हं दिलं, वर वेलदोडा टाकून.

सकाळी दोघी एकाच रिक्षानं केंद्रावर गेल्या. तेच फाटक, तोच शिपाई. ‘चूड़ियाँ उतारिए.’

नीलमनं एकदा ओढून पाहिलं. हर्षिता पाठीशी उभी होती. हे वाक्य तिनं महिनाभर जिभेवर घोळवलं होतं. ‘वाढवू नका हं ताई. संग्रामसिंह भावजी रोज झाशीच्या रस्त्यावर ट्रक घेऊन असतात. मी तर नसत्या वाढवल्या.’

नीलमनं वळून पाहिलं. मग हात फाटकाच्या लोखंडी गजावर आपटला. एकदा, दोनदा, मग दुसरा हात. हिरव्या काचा शिपायाच्या बुटांवर पडल्या. मनगटाला रक्त आलं, ते तिनं रुमालानं पुसलं.

‘काच आहे गं ती,’ ती म्हणाली. ‘फोडायची असते. तुला मागल्या साली कोणी धरलं होतं?’

आणि ती आत गेली.

हर्षिताच्या तोंडचं पाणी पळालं. चुडा नीलमनं लहान भरवला होता, केसानं गळा कापला होता, त्यात खोटं काही नाही. पण फाटक बंद होईपर्यंत ती स्वतःच उभी राहिली होती, दोन्ही हात छातीशी धरून, आणि हे वर्षभरात एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला नीलमचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

‘आपकी तो ऐसे ही निकल जाएँगी, मैडम,’ शिपाई म्हणाला. खरंच सैल होत्या. हात खाली सोडला असता तरी गळून पडल्या असत्या.

तिनं समरजीतचं नाव मनात घेतलं आणि मागल्या साली न उचललेला हात गजावर आपटला. मग दुसरा. काच तळव्यात घुसली ती तिनं दातानं ओढून काढली.

‘पट्टी बाँध दूँ?’

‘नको,’ ती म्हणाली. लांबच्या व्हरांड्यात नीलमची पाठ दिसत होती. ती पाठ मागे टाकायला हर्षिता भराभर चालू लागली.