बेलच्या जागी बसवलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुना, फुटका कॅमेरा आहे. मला एकच डोळा होता आणि तोच फुटला, त्यामुळे आता मी ठार आंधळा. सध्या दुरुस्तीच्या एका दुकानात, टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. माझ्या अंगावर वायरचे तुकडे आहेत, गंजके स्क्रू आहेत आणि कुणीतरी विसरून गेलेला चष्मा आहे. चष्मा माझ्यावरच ठेवायचं कुणाला सुचलं, देव जाणे! भंगारवाला येईपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात माझी हकिगत ऐका. ऐकून करमणूक होईल असं मी म्हणत नाही.

कारखान्यातल्या लांबलचक पट्ट्यावर माझा जन्म झाला. एका बाईंनी माझ्या भिंगावर फुंकर मारली, मऊ कापडाने पुसलं आणि मला डब्यात घातलं. माझी जात होती उन्हापावसाची. घराच्या फाटकावर, दुकानाच्या पाटीखाली, गाड्या उभ्या करायच्या आवारात आम्ही शोभतो. डब्यावर तसं चित्रही होतं. ते चित्र कुणी नीट बघितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

डब्यातून मी याच दुकानात आलो; इथे कॅमेरे विकतातही आणि दुरुस्तही करतात. एके दिवशी शीतगृहाचे मालक दुकानात आले. शीतगृह म्हणजे मासळी, मटार, मक्याचे दाणे गोठवून ठेवायची मोठी खोली. तिथली खोकी इकडची तिकडे होतात, असा त्यांना संशय होता. आमच्या कॅमेरावाल्याने त्यांना दोन-तीन प्रकार काढून दाखवले आणि म्हणाला, "आत फार गारठा असतो ना? मग थंडीतला वेगळा येतो, तो घ्या. मागवायला लागेल."

"अहो, हा उन्हापावसात टिकतो ना?" मालकांनी मला हातात घेऊन खालीवर केलं. "मग थंडीने याला काय सर्दी होणार आहे?"

सगळे हसले. कॅमेरावालाही हसला आणि बिल करायला बसला. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. इतक्या जणांतून मला निवडलं म्हणून मी खूश. मला माल बघायला नेत होते, माणसं बघायला नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आता ती खोली ऐका. तिच्या भिंती दोन पत्र्यांमध्ये फोम भरून केलेल्या, चांगल्या जाडजूड. दार गादीएवढं जाड. आत पाणी सांडलं तर पुसायला फडकं आणेपर्यंत त्याचा बर्फ. छताखाली पंखे सारखे घरघरत असायचे. अशा भिंतीला नवं भोक पाडायला मालक तयार नव्हते. गारवा गळतो ना! मग माझी वायर आत आणायची कुठून?

तोड काढली शीतगृहाच्या मुकादमांनी. दाराशेजारी एक लाल बटण होतं. चुकून कुणी आत कोंडलं गेलं तर त्याने ते दाबायचं, म्हणजे बाहेर मुकादमांच्या केबिनमध्ये बेल वाजायची. त्या बेलची वायर एका भोकातून बाहेर गेली होती. मुकादम म्हणाले, "भोक आहे की आयतं! ही वायर काढा, कॅमेऱ्याची घाला. कॅमेरा आल्यावर बेल हवीय कुणाला?"

आत मावशी बर्फ खरवडत होत्या. खोलीची झाडलोट आणि जमिनीवर, भिंतीवर धरलेला बर्फ काढणं हे त्यांचं काम. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरी त्या एकट्याच. शीतगृहात सगळे त्यांना मावशीच म्हणत. लांब दांड्याच्या फावड्यावर हनुवटी टेकून त्यांनी विचारलं, "आणि मी अडकले तर?"

"अहो मावशी, बेल वाजवायला बोट लागतं. याला काही लागत नाही. तुम्ही नुसतं याच्यासमोर उभं राहायचं. मी चोवीस तास पडद्यापुढे असतो."

"हो का? मग मघाशी चहाच्या टपरीवर तुमचा जुळा भाऊ बसला होता वाटतं!"

पुन्हा हसणं. हसत हसत बेलची वायर ओढून काढली. बटण तेवढं भिंतीवर तसंच राहिलं, कारण ते काढायची तसदी कुणी घेतली नाही. लाल, गुबगुबीत आणि मेलेलं. माझ्या अगदी समोर. पहिल्या दिवसापासून ते मला आवडलं नाही.

सुरुवातीला माझं कौतुक विचारू नका. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला केबिनमध्ये नेऊन पडदा दाखवायचे. खोक्यांचा संशयही मिटला. उंदरांनी फाडलेली खोकी माल चढवणारे मागे सरकवून ठेवत होते, एवढंच निघालं. पण माझ्यामुळे आणखी एक गोष्ट बंद पडली आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

माल चढवणाऱ्यांत एक होता, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा. संध्याकाळी दार लावायचं काम त्याचं. लावण्याआधी तो आत डोकं घालून ओरडायचा, "आत कोण आहे? बोला, नाहीतर मासळीत मोजले जाल!" मग खोक्यांच्या मांडण्यांमधून एक चक्कर मारायचा, मावशी असल्या तर त्यांना बाहेर काढायचा आणि मगच दार ओढायचा. एकदा मालकांचं कुणी बडं गिऱ्हाईक उभं असताना त्याने अशी आरोळी ठोकली की तो माणूस दचकून भिंतीला आपटला. त्या दिवसापासून मुकादमांनी त्याला सांगून टाकलं, "तुझा भोंगा आता बंद. मला विचार, मी पडद्यावर बघून सांगतो." भोंगा काही दिवस रुसला. पुढे त्यालाही बरंच वाटलं असावं. चक्कर वाचली, कान गारठायचे वाचले.

आणि माझी तब्येत? ती बिघडायला लागली होती. माझ्या वायरचा जोड त्या भोकाच्या बाहेरच्या तोंडाशी होता, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला. आतली थंडी आणि बाहेरची ऊब तिथे भेटायची, थेंब धरायचे, जोड ओलाचिंब व्हायचा. मग माझं चित्र वाटेतच अडकायचं. मी इकडून धडाधड चित्रं पाठवत असायचो आणि तिकडे पडद्यावर मात्र शेवटचं एकच चित्र, फोटोसारखं चिकटून बसलेलं. मुकादमांनी यावर सोपा इलाज शोधला होता. मला बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. त्याने चित्र हलायचं, पण दर वेळी माझं घड्याळ बिघडायचं. पडद्याच्या कोपऱ्यात भलतीच वेळ, भलतंच साल. लोक हसायचे. शेवटी मुकादमांनी कॅमेरावाल्याला बोलावून सांगितलं, "ते आकडेच काढून टाक."

"आकडे पळत असले की चित्र चालू आहे हे कळतं हो," कॅमेरावाला म्हणाला. "आणि तो जोडही एकदा नीट बघायला हवा."

"बघू. आधी आकडे काढ."

बघू! मित्रांनो, या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. दाराला आतून उघडायचा दांडा होता, त्यावर बर्फ धरायचा. मावशींनी किती वेळा सांगितलं, आतला दांडा हलत नाही म्हणून. उत्तर ठरलेलं. बघू. आकडे मात्र लगेच निघाले. आता रिकाम्या खोलीचं चालू चित्र आणि रिकाम्या खोलीचं अडकलेलं चित्र यांत काडीचाही फरक उरला नाही.

तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे सगळ्यांचा एक पाय बाहेर. दुपारपासून खोलीत कुणी नव्हतं आणि तशीच रिकामी खोली पडद्यावर अडकून बसली होती. मुकादमांना त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता. मावशी मग आत आल्या. मागच्या मांडणीपलीकडे पंख्याखाली बर्फाचा ढीग जमला होता, तो सुट्टीआधी काढून टाकू म्हणून. भोंगा तेव्हा आधीच बाहेर काढलेला माल गाडीत भरत होता, त्याने त्यांना पाहिलं नाही. काम संपवून तो दाराशी आला आणि केबिनकडे तोंड करून ओरडला, "मुकादम, आत कोण दिसतंय का?"

"कुणी नाही. लाव."

पंख्यांच्या घरघरीत मावशींना यातलं काही ऐकू गेलं नाही. दार बसल्याचा धप्प आवाज झाला. पाठोपाठ दिवा गेला, कारण त्याचं बटण बाहेर होतं.

अंधार झाला की माझ्या डोळ्याभोवती बारीक लाल ठिपके पेटतात. त्यांच्यामुळे मला काळोखातही दिसतं. मावशींना त्या खोलीत दुसरं काहीच दिसत नव्हतं, फक्त ते ठिपके. चाचपडत त्या दाराशी आल्या. दांडा ढकलला, खांद्याने रेटला. तो जागचा हलला नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला. अगदी सहज, बसमधल्या ओळखीच्या माणसाला बघून हलवतात तसा.

"अहो मुकादम, मी राहिले की आत! उघडा."

मीही निवांत होतो. मुकादमांना दिसत असणार, आता येतीलच, असं मला खात्रीने वाटत होतं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

कुणी आलं नाही. मावशी थोड्या वेळाने पुन्हा हात हलवू लागल्या, दोन्ही हात, डोक्यावरून. "झोपलात की काय? पुरे झाली चेष्टा." हातमोजे ओले होऊन कडक झाले होते, ते त्यांनी काढून टाकले. दार बडवलं. इतकं जाड दार, बाहेर काय ऐकू जाणार! भिंतीवर हात फिरवत फिरवत त्यांना ते लाल बटण सापडलं. त्याची वायर त्यांच्यादेखत काढली होती. तरी त्यांनी ते दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. माझ्या जन्मात मी त्याहून वाईट काही पाहिलेलं नाही.

मग त्या माझ्याशी बोलू लागल्या. "तुला दिसतंय ना रे? मग सांग की त्यांना. उद्या सुट्टी आहे. माझ्या घरी कुणी वाट बघणारं नाही. परवापर्यंत काय राहील माझं?" त्यांनी हात जोडले. बोटं सरळ होत नव्हती. मला तोंड असतं तर मी घसा फाटेस्तोवर ओरडलो असतो. मला फक्त डोळा दिला होता. मी बघत राहिलो आणि बघितलेलं पाठवत राहिलो, आणि ते सगळं त्या ओल्या जोडापाशी जाऊन मरत राहिलं.

मावशी खाली बसल्या. त्यांचं डोकं एका बाजूला कललं आणि मला वाटलं, संपलं. पण त्यांनी एकदम मान वर केली. माझे ते लाल ठिपके त्यांच्या डोळ्यांत खुपले असावेत.

"मेल्या, नुसता बघतोस!"

भिंतीला धरून त्या उठल्या. फावडं चाचपून उचललं. पहिला घाव छताला बसला. दुसरा माझ्या डोळ्यावर. तिसऱ्याने मी वायरीसकट खाली आलो, आणि पुढचं मला काही दिसलं नाही.

बाकीचं मला दुकानात कळलं. कॅमेरावाला फोनवर कुणाला तरी सांगत होता. चित्र अडकलं तर केबिनमधली, पडद्याला जोडलेली चित्रं साठवायची पेटी मुकाट बसते, पण कॅमेराच तुटला की ती टूं टूं करून कावकाव करते. मुकादम पिशवी खांद्याला लावून निघालेच होते. म्हणे चिडून बोलले, "सुट्टीच्या आदल्या दिवशीच बरं याला मरायचं असतं!" पेटी बंद करून जावं, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं. पण सुट्टीच्या दिवशी मालक घरून पडदा बघतात, म्हणून चिकटपट्टी आणि स्टूल घेऊन आले. दार उघडलं, दिवा लावला. खाली माझ्या काचा. मित्रांनो, ते माझ्यासाठी आले होते. त्यांचे पहिले शब्द होते, "कॅमेरा कुणी फोडला?"

"मी," दाराशेजारी भिंतीला टेकलेल्या मावशी म्हणाल्या.

मावशी जगल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र डॉक्टरांना वाचवता आली नाहीत. मुकादम त्यांच्या खाटेशी बसून लहान पोरासारखे रडले, असं कॅमेरावाला म्हणाला. रडू देत. त्यानंतर काय झालं ते ऐका. मालक पुन्हा दुकानात आले. या वेळी त्यांनी थंडीतलाच कॅमेरा घेतला, चांगला, महागाचा. कॅमेरावाल्याने विचारलं, "बेल जोडून देऊ का परत?" मालक म्हणाले, "बघू. आधी हा जरा उंच बसव. फावडं पोचणार नाही असा."

काल तो बसला. मावशी परवा कामावर परत जाणार आहेत.

माझ्याच्याने आता काही होणार नाही, पण तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. कुठल्याही शीतगृहात, गोदामात, तळघरात तुमचं ओळखीचं माणूस काम करत असेल तर आज जाऊन विचारा, आत अडकलं तर काय दाबायचं आणि ते दाबल्यावर वाजतं का. स्वतः दाबून बघा. एकाला कॅमेऱ्यासमोर नाचायला लावा आणि दुसऱ्याला पडद्यापाशी उभं करून विचारा, नाचताना दिसला का. लोक हसले तर हसू देत. आणि कुणी "बघू" म्हणालं, तर तिथून हलू नका. मावशींकडे परवापर्यंतच वेळ आहे.