पाचव्या नंबरापुढचं कोरं

दिपालीचं टाळकं सणकलं होतं, आणि का सणकू नये? भोसरीतल्या तिच्या ऑफिसात जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी कोडची लायब्ररी बनत होती. टाईप डेफिनिशनमध्ये, म्हणजे कोडमधून काय काय बाहेर येऊ शकतं त्याच्या नोंदीत, तिने स्वच्छ लिहून ठेवलं होतं: बाहेर मजकूर येईल, किंवा ओळ ओळखता आली नाही तर काहीच येणार नाही. हे 'काहीच नाही' जो विसरेल, त्याच्या कोडखाली तांबडी रेघ उमटायची. चांगल्या चाळीस उमटल्या. टीम लीड शेखरने डेमोच्या घाईत 'काहीच नाही'च खोडून टाकलं. रेघा गेल्या, साहेब खूश! चाकणच्या एका प्लँटचा जुना सूचनांचा कागदही त्याच घाईत बदलून रवाना झाला.

दुपारी दोनला तिच्या वडिलांचा, ज्योतीरामांचा, चाकणहून फोन आला. ते त्याच प्लँटमध्ये पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होते. शिफ्टच्या सुरुवातीला एकाने सूचनांचा कागद मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचं, ही तिथली रीत.

"अगं, नवा कागद तुमच्याच हापिसातनं आलाय ना? पाचव्या नंबरापुढं कोरंच हाय. सकाळी सगळ्यांनी कोऱ्यालाबी हो म्हटलं. सुपरवायझर म्हणतो, आलाय तसा लावायचा. मला जुना पाठ हाय गं, पण तीनच्या शिफ्टला कस्तुरा पहिल्यांदाच प्रेसवर बसतीय."

दिपाली तरातरा शेखरकडे गेली.

"डेमो होऊ दे गं, संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी? तोवर त्या बाईचा हात जागेवर राहील का?"

तिने प्लँटचे मॅनेजर दिग्विजयराव यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्या नव्या कागदाची प्रिंट शेखरपुढे आपटली. "वाचा. मोठ्याने."

"चार. आधी जाळी लावा," शेखर पुटपुटला.

"हो," सवयीने पलीकडून आलं.

"पाच..."

"पाच काय? ओ राव, बोला की!"

शेखर कागद उलटून मागची बाजू बघू लागला. सारं ऑफिस माना वळवून त्याच्याकडे बघत होतं. मग दिपालीच बोलली. रोज सकाळी बूट घालता घालता वडील पुटपुटायचे, ती ओळ. "लाल दिवा विझल्याशिवाय हात आत घालायचा नाही."

यावेळी 'हो' आलं नाही. "अरे, काढा ते कागद! सगळ्या प्रेसवरचे, आत्ताच्या आत्ता!" दिग्विजयराव तिकडे कुणावर तरी ओरडत होते.

दिपालीने शेखरचा कीबोर्ड ओढला आणि 'काहीच नाही' हे खोडलेले शब्द परत टाईप केले. त्याच्या स्क्रीनवर चाळीस तांबड्या रेघा उमटल्या.

"आता खोडा," ती म्हणाली.