रिकामा पाट

पुतळीच्या कारखान्यात आंधळे गणपती साचत चालले होते.

फळीवर, जमिनीवर, पोटमाळ्याच्या जिन्यावरसुद्धा. रंग चढलेले, सोंडेवर नक्षी उमटलेली, पितांबराचे काठ झळकलेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी खोबण. हमरापूरच्या पट्ट्यात साचा मारणारे हात घरोघर मिळतात, रंग फवारणारेही मिळतात. पण डोळ्यांची आखणी करणारा हात दहा घरांत एखादा. खारवाडीत तो हात पुतळीचा. आणि त्या हातानं जुलै लागल्यापासून कुंचला धरला नव्हता.

कारण पुतळी रागात होती. रागावलेल्या हातानं आखणी करायची नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. आई धवलारीण, लग्नाघरी धवले गाणारी. मूर्ती करतानाही तिच्या तोंडी ओवी असायचीच:

*माती माझी मऊसूत, पाणी पाजू थोडं थोडं*
*देवाच्या डोळ्यासाठी मन व्हावं लागं गोड.*

मन कडू असताना बुबुळ रेखलं, की देव डोळे वटारून बघतो. गिऱ्हाईक घरी नेतं आणि वर्षभर भांडतं.

"अगो, आज तरी बसशील का?" काळुराम, तिचा नवरा, साचा उघडता उघडता म्हणाला. "माल न्यायला टेम्पो येल. त्यांना काय सांगू, देवाला मोतीबिंदू झालाय?"

"सांग."

"आन राग माझ्यावर हाय का त्या मास्तरवर?"

"तुझ्यावर पन हाय. तू त्याच्यासमोर हात जोडून उभा र्‍हातोस."

काळुराम पुन्हा साच्याकडं वळला. ते खरं होतं.

गोष्ट साधी होती. रोह्याच्या सरकारी हायस्कुलात या वर्षी नववीपासून गणित-विज्ञानाचा खास वर्ग निघाला होता. जिल्हाभरातल्या सरकारी शाळांतल्या पोरांची परीक्षा झाली, आणि त्यात प्रतिक्षा, पुतळीची लेक, निवडली गेली. तिथं खरीखुरी प्रयोगशाळा होती. इथं प्रयोगशाळेच्या खोलीत तांदळाची पोती ठेवत. राहायची सोयही झाली होती. काळुरामची बहीण मालू अष्टमी गावात राहायची; पूल ओलांडला की रोहा. मालूआत्यानं पोरीसाठी खिडकीजवळची खाट मोकळी करून ठेवली होती. खारवाडीच्या शाळेचा दाखला तेवढा हवा होता.

आणि दाखला मिळत नव्हता. आधी कारकून रजेवर होता. मग शिक्का पेणला गेला होता. मग नेट नव्हतं. शाळेचा शिक्का पेणला काय करतो, बाजार? पुतळीनं विचारलं, तेव्हा मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, हसले आणि म्हणाले, "सोमवारी या." सोमवार आले नि गेले. शेवटी रोह्याच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला: शनिवारपर्यंत दाखला आणा, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

त्या दिवशी पुतळी प्रतिक्षाला घेऊन शाळेत गेली आणि खुर्ची न विचारता बसली.

"शिक्का आला का पेणवरून?"

मोठ्या सरांनी चष्मा काढला. पुसला. या वेळी ते हसले नाहीत.

"पुतळीताई, खरं सांगतो. नववीचा पट काठावर आहे. एक जरी मूल कमी झालं तर वर्ग तुटतो. नववी तुटली की दहावी तुटते. माझे दोन शिक्षक अतिरिक्त ठरतात, कुठल्या डोंगरात बदली होईल सांगता येत नाही. आणि बाकीच्या पोरी? त्यांना पेणला रोज कोण पाठवणार? घरी बसतील. पट मोजून होऊ दे, मग ऑक्टोबरात मीच दाखला घरी आणून देतो."

"ऑक्टोबरात रोह्याला काय, झाडू मारायला जाऊ?" प्रतिक्षा म्हणाली.

"प्रतिक्षा, मोठ्यांमध्ये—"

"सर, तुमच्याकडं पाहुणे आले की मला वर्गातून उठवून चहाचे कप धुवायला पाठवायचात. तवा माझ्याबिगर वर्ग चालायचा. आता कसा तुटतो?"

सर लाल झाले. पुतळी लेकीकडं बघत राहिली. घरात हे पोरीनं कधी सांगितलं नव्हतं.

"कप?" ती हळू म्हणाली. "माझ्या पोरीला कप?"

"अहो, सगळीच मुलं कामं करतात, श्रमसंस्कार—"

"तुमचा मुलगा कुठं शिकतो हो सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सरांचा मुलगा पनवेलला शिकत होता, हे अख्ख्या खारवाडीला ठाऊक होतं.

"म्हंजे तुमचा पोर उडायचा आन माझ्या पोरीनं खांब व्हायचं. तुमचं छप्पर धरून उभं र्‍हायचं." पुतळी उठली. "दाखला देता का नाय?"

"ऑक्टोबरात."

घरी येईपर्यंत तिच्या पायाखालची वाट तापली होती. कारखान्यात शिरली ती थेट मागच्या भिंतीशी गेली. तिथं गावातले पाट ओळीनं उभे होते. पट्ट्याची रीत अशी, की ज्याला आपल्याच पाटावर मूर्ती हवी, तो आषाढात घरचा पाट कारखान्यात आणून देतो, वर विडा-सुपारी ठेवतो. पाट ठेवून घेतला, की देव कबूल केला. मूर्ती त्याच पाटावर घडते, त्याच पाटावरून घरी जाते. शाळेचा पाटही तिथं होता. शिसवी, एका पायाला पत्र्याची पट्टी मारलेला. बारा गावच्या मूर्ती बाजारात मिळत असताना शाळेचा गणपती पुतळीच्या सासऱ्यापासून ह्याच घरातून जायचा.

तिनं तो पाट ओढला आणि डोक्यावर घेतला.

काळुरामच्या हातातला साचा निसटला. "पुतळे! रिकामा पाट कुठं नेतेस? अगो, वेडी झालीस काय? लोक काय म्हनतील?"

त्याचं घाबरणं बरोबर होतं. घेतलेला पाट कारखानदार रिकामा परत करतो तो एकाच प्रसंगी: त्याच्या घरात कोणी मेलं, सुतक लागलं, तर. मग पाट दुसऱ्या कारखान्यात जातो. चांगल्या घरातून रिकामा पाट भर दुपारी डोक्यावरून निघालेला खारवाडीत कोणी पाहिला नव्हता.

पहिल्यांदा पाहिलं ते नाक्यावरच्या शिवानं. त्यानं वडे तळायचे थांबवले. "पुतळीवैनी... कोन?"

ती थांबली नाही.

मिठागराच्या बांधावरून येणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणी म्हणालं, काळुराम सकाळी तर बरा होता. कोणी म्हणालं, मालूचं काहीतरी झालं असंल अष्टमीला. एकीनं रडायलाही घेतलं. प्रतिक्षा मागून धावत होती आणि ओरडून सांगत होती, "कोनी मेलं नाय! कोनी मेलं नाय!" पण पोर धक्क्यानं बडबडतेय असंच सगळ्यांना वाटलं. वाटेत काळुराम स्वतः धापा टाकत गर्दीत मिसळला, तेव्हा शिवा त्याला बघून दचकला. "तू हाइस?"

"हाय रं बाबा. अजून हाय."

शाळेच्या पटांगणात पुतळी पोचली, तेव्हा मागं निम्मी खारवाडी होती. त्यात हाजराही होती. हाजरा मोहल्ल्यातली; नवरा कमरुद्दीन दुबईला, लेक सिदरा प्रतिक्षाच्या वर्गात, पहिलीपासून एका बाकावर. हाजरा ओल्या हातानंच धावत आली होती.

मोठे सर ओसरीवर आले. पुतळीनं पाट त्यांच्या पायाशी ठेवला.

"माझ्या घरातून तुमचा देव निघनार नाय."

"पुतळीताई, काय झालं? कोण..."

"कोनी मेलं नाय!" आता तिचा आवाज चढला, धवला म्हणणाऱ्या आईचा आवाज, चार आळ्यांत ऐकू जाणारा. "पोरीच्या नशिबाचा गळा घोटतायत, त्याचं सुतक धरलंय मी! पोर पास झाली, रोह्याची जागा मिळाली, आन हे दाखला दाबून बसलेत. का, तर पोरगी गेली की मोजायला एक डोकं कमी पडतं. शेळ्या हाईत का आमच्या पोरी, मोजायला?"

शिवा हसला, मोकळं झाल्यासारखा. "म्हंजे मयत नाय? मी तेल तापत ठेवून आलो ना वैनी!"

दोघेतिघे हसले. हाजरा हसली नाही. ती पुढं आली.

"डोकं कमी पडलं तर काय होतं?"

सर चाचरले. "वर्ग... वर्ग बंद होऊ शकतो."

"मंग माझी सिदरा?"

वर्गाच्या खिडकीत सिदरा उभी होती. प्रतिक्षानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

हाजरा पुतळीकडं वळली. "तुला ठावं होतं?"

"आज कळलं. सकाळी."

"आन तरी तू पाट घेऊन आलीस."

"व्हय."

"तुझी पोर शिकल, माझी चुलीपुढं बसल. कमरुद्दीन म्हनतोच हाय, पेणला एकटी पाठवायची नाय. तू पन असंच करनार होतीस ना गो? गुपचूप दाखला घेऊन?"

पुतळीला बोलावंसं वाटलं, की नाही, असं नाही. पण ते खोटं झालं असतं. सकाळी सरांनी 'बाकीच्या पोरी' म्हटलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर सिदरा आली होती, आणि तिनं ती बाजूला सारली होती. रागात माणूस एकाच पोराची आई असतं.

"माझी पोर मी थांबवनार नाय, हाजरा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी पन नाय."

"मी सांगितलं थांबव म्हनून?" हाजराचा आवाज फाटला. मग ती ओसरीच्या पायरीवर चढली आणि तिचा राग फिरला, वादळात होडी फिरावी तसा. "सर, तुमी आमाला का नाय सांगितलंत? वर्ग तुटतोय ते आमाला कवा कळनार होतं? कुलूप लागल्यावर? आमच्या वाडीत नववीला न पाठवलेल्या चार पोरी घरात बसल्यात. त्यांच्या दारात गेलात कधी? गेला असतात तर पट वाढला असता. त्यापेक्षा एकीला पकडून ठेवनं सोपं, व्हय ना?"

सरांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. दुसऱ्याच्या दारात जायला लाजणारे होते, आणि ती लाज पोरींच्या जिवावर झाकत होते. "वर लिहिता येतं," ते पुटपुटले, "खाडीकाठची शाळा म्हणून सूट मागता येते. पालकांच्या सह्या लागतात."

"मंग कुनी लिवायचं? गनपतीनं?" काळुराम म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच चमकला. त्याचे हात या वेळी जोडलेले नव्हते.

सर आत जाऊन टेबलाशी बसले. शिक्का खणातच होता. दाखला लिहायला सरांना चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. एवढ्याशा कामासाठी आषाढ निम्मा जाळला, या विचारानं पुतळीचा राग कमी होण्याऐवजी वाढला. तिनं कागद प्रतिक्षाच्या हातात दिला आणि निघाली.

"पाट?" सरांनी मागून विचारलं. "पुतळीताई, पाट घेऊन जा ना आता."

पुतळी वळली. हाजरा पायरीवरच होती, पाठ फिरवून.

"न्यायला मी येनार नाय. तुमी आना. रीतीनं, विडा-सुपारी ठेवून. आन आधी वर लिवा, त्या चार पोरींच्या दारात जा. तवर माझ्या भिंतीला तुमच्या पाटाला जागा नाय."

शनिवारी काळुराम प्रतिक्षाला घेऊन जिते स्टेशनावरून गाडीनं रोह्याला गेला. पोरीनं जाताना आईला मिठी मारली नाही. दोघी तसल्या नव्हत्याच. ती एवढंच म्हणाली, "आये, मी सिदराला रोज धडे पाठवीन. तू हाजराचाचीशी भांडू नको."

"मी नाय भांडत. ती बोलतच नाय."

नागपंचमीच्या आसपास एका दुपारी कारखान्याच्या दारात सावली पडली. हाजरा होती. काखेत शिसवी पाट, पत्र्याच्या पट्टीचा.

"सर मागं येतायत," ती भिंतीकडं बघून म्हणाली. "बांधावर चिखलात चप्पल रुतली. लाजतायत पन. अर्ज गेला पेणला. माझी सही पहिली हाय. दोन पोरी आल्या वर्गात, दोघींचे बाप अजून नाय म्हनतात."

"बस."

"बसायला नाय आले. मी तुझ्याशी बोलत नाय अजून."

"मंग न बोलता बस."

हाजरानं पाट भिंतीला लावला. थोडा वेळ उभी राहिली. मग पालथ्या घमेल्यावर बसली आणि न विचारता शाडूच्या गोळ्यातले खडे वेचायला लागली. बाहेरून सरांच्या चपलेचा चिखलातला आवाज येत होता, पचक, पचक.

बाकीच्या गणपतींचे डोळे पुतळीनं त्यानंतर हळूहळू रेखले. पोरीचा फोन यायचा, प्रयोगशाळेत काय पेटवलं, काय फुटलं ते सांगायची. त्या दिवशी हात गोड चालायचा. शाळेचा गणपती मात्र तिनं शेवटचा ठेवला. वर्गाबद्दलचं उत्तर अजून आलं नव्हतं. मन गोड व्हायची वाट बघत बसली असती, तर चतुर्थी गेली असती. तिनं कुंचला उचलला:

*गोड नाही मन देवा, घे ही नजर वाकडी*
*लेक माझी पार गेली, तिची जोडीण अल्याडी.*

शाळेच्या ओसरीवर मखरात देव बसला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. डोळे वटारलेले होते. मोठ्या सरांनी आरतीचं तबक हातात घेतलं, आणि मूर्तीसमोरून जरा बाजूला सरकून उभे राहिले.

"सरकू नका सर," मागून हाजरा म्हणाली. "समोर र्‍हावा."