नादबाबांचा बिनप्लगचा डबा

मंगळवार पेठेत गणपतरावांच्या सोप्यात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर नादबाबांनी आणलेलं सामान मांडलं होतं. रेकॉर्ड प्लेअर, सुईचा बारीक आवाज मोठा करणारं फोनोचं यंत्र, स्पीकर, आणि भगव्या कापडात गुंडाळलेला एक जड डबा.

बाबांनी डबा कपाळाला लावला. "बघा पावणं, ह्याला प्लग न्हाय, बॅटरी न्हाय. लाईट बोर्डाचा आणि आमचा काय संबंध? गुरूंनी हिमालयात नाद कोंडून दिलाय, त्यावर गेलेलं माणूस परत येतं!"

आधी त्यांनी डब्याशिवाय रेकॉर्ड लावली. कान लावला तरच काही ऐकू येत होतं. मग प्लेअर आणि यंत्र यांच्यामध्ये डबा जोडला, आणि संयोगितावहिनींचं भजन घरभर घुमलं. वहिनी, गणपतरावांच्या पत्नी, आता नाहीत. तरुणपणी कुरुंदवाडच्या भजनी मंडळाबरोबर त्यांची ही एकच रेकॉर्ड निघाली होती.

"आली गं बाई माझी!" शेजारच्या चिमणाबाई ओरडल्या. माणसांनी हात जोडले.

गणपतराव डावा कान पुढे करून बसले होते. उजव्या कानातल्या पूने हाड कुरतडायला सुरुवात केली होती. ऑपरेशन लांबवलं तर तो मेंदूपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांचं म्हणणं वेगळं होतं.

"कानात सुरी गेली की बाई गेली. मग बसा हाका मारत!"

गणपतरावांनी ऑपरेशनला नकार कळवून टाकला.

मी त्यांचा शेजारी. नोकरी वाचनालयात झाली. असल्या डब्याबद्दल कुठंतरी वाचलं होतं, पण वाचलेलं सगळं मला समजलेलं असतं असं नाही. वहिनींचा आवाज ऐकूनही त्या दिवशी मला काही वाटलं नाही. घरी आलो आणि आमच्या ओळखीच्या चमनभाईंच्या मुलीला, हाफिजाला, फोन केला. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते.

पुढच्या बैठकीला ती आली. "बाबा, डबा उघडून बघू?"

"उघडलास की नाद उडून जाईल!"

"मग राहू दे बंद. नुसता बाजूला ठेवते."

"डब्याशिवाय बाई येत न्हाय, पोरी."

"नाही आली तर तुम्हीच खरे ठरणार की. भ्यायचं कशाला?"

"व्हय की!" शाहूवाडीहून आलेला गुंडू म्हणाला. "ठेवू दे की बाबा. तुमचंच नाव हुईल."

लोक हसले. बाबांना नाही म्हणता येईना. हाफिजाने डबा काढला, प्लेअर थेट यंत्राला जोडला. यंत्राच्या मागे काळी चिकटपट्टी होती, ती सोलली. खाली एक बारीक बटण निघालं. ते दाबून तिने सुई टेकवली.

वहिनी गायल्या. तेवढ्याच मोठ्याने.

मग हाफिजा गुंडूकडे वळली.

"गुंडूमामा, तुमच्या शेताजवळ लाईटीचा डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, हाय न्हवं?"

"हाय की. सारखा जळतोय मेला."

"त्याला प्लग असतो?"

"डीपीला कसला प्लग?"

"ह्या डब्यातही तेच. लोखंडावर तांब्याच्या तारेची वेटोळी. रेकॉर्डवर सुई हलली की अगदी थोडी वीज तयार होते. डीपी विजेचा दाब उतरवतो, हा चढवतो. ह्या यंत्रात तीच सोय आधीपासून आहे, बाबांनी ती बंद करून वर पट्टी चिकटवली. डबा वाईट नाही, शौकीन लोक मुद्दाम वापरतात. खोटं आहे ते त्याच्यावरचं कापड."

"हे सगळं आमच्या शास्त्रात आधीच सांगितलंय," बाबा म्हणाले.

"मग पट्टी कशाला लावलीसा?" चिमणाबाईंनी विचारलं. बाबा वायरी गुंडाळू लागले.

गणपतराव मोठ्याने म्हणाले, "म्हंजे ती आलीच न्हवती?"

हाफिजा त्यांच्या डाव्या कानाशी वाकली. "काका, आवाज रेकॉर्डमध्येच होता. उद्याही राहील. ऐकायला तुम्ही राहायला पाहिजे."

गणपतरावांनी सुई उचलून रेकॉर्ड थांबवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णा, डॉक्टरकडं येणार काय संगट?"

"येतो," मी म्हणालो.

उपदेश करणं मला जमत नाही. एवढंच सांगतो. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, तुमची वस्तू जरा बाजूला ठेवून बघूया. जो ठेवू देत नाही, त्याच्या शब्दावर दवाखाना टाळू नका.