पुढचं वनिता लिहायची

दुपारचं जेवण झालं की विलास कॉम्प्युटरपुढे बसायचा. त्या वेळेला रोह्यात सामसूम असते. धाटावच्या कारखान्यांची पाळी सुटायला अवकाश असतो, दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली असतात आणि नदीकडून येणारा वारासुद्धा पेंगल्यासारखा येतो. विलास ब्राउझर उघडायचा, वरच्या पट्टीत एकच अक्षर टाकायचा आणि हात मांडीवर ठेवून थांबायचा.

पुढचं वनिता लिहायची.

वनिता त्याची बायको. गणपती गेले आणि पाठोपाठ तीही गेली. छातीत एक कळ आली, तेवढंच निमित्त. पण जिवंतपणी तिनं त्या पट्टीत जे जे विचारलं होतं, ते कॉम्प्युटरनं ठेवून घेतलं होतं. ‘ह’ टाकला की खाली यायचं, ‘हत्ती उभ्याने झोपतो का’. ‘ख’ टाकला की ‘खाडीचं पाणी रात्री का चमकतं’. ‘र’ टाकला की ‘रिटायर नवऱ्याला कामाला कसं लावायचं’. याला तो दर वेळी हसायचा.

लग्न झाल्यापासून दोघांचं असंच होतं. त्यानं वाक्य अर्धं सोडायचं आणि तिनं पुरं करायचं. त्यामुळे ही दुपार त्याला खरी वाटायची. डोळा लागायचा, उघडायचा, मधे ती येऊन गेल्यासारखी वाटायची. एकदा स्वप्नात ती पेणजवळच्या हमरापूरला, तिच्या माहेरच्या कारखान्यात बसलेली दिसली. दर वर्षी हंगामाला ती तिथं मूर्तींचे डोळे आखायला जायची. स्वप्नात डोळे नसलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगा होत्या, आणि ती त्याला काहीतरी विचारत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

जागा झाला तेव्हा पट्टीत ‘ह’ तसाच होता आणि खाली हत्ती. एरवी तो नुसता बघायचा, एंटर कधी दाबायचा नाही. तिच्या वस्तूला हात लावल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र वाटलं, बाई विचारतेय तर उत्तर तरी द्यावं. त्यानं एंटर दाबलं.

एक पान उघडलं. मराठी नीट वाचायचं असेल तर हा फॉन्ट घ्या, असं सांगत होतं. भलंमोठं हिरवं बटण होतं. विलासनं ते दाबलं. पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे. मग ‘परवानगी द्या’ आलं. तीही दिली.

हत्तीचं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान यायला लागलं. काहीही शोधलं तरी आडवाटेनं जाहिरातींत नेऊन सोडायचं. अक्षर टाकलं की वनिताच्या ओळीआधी परक्या ओळी गर्दी करायच्या. आणि एका दुपारी, तो पेंगत असताना, पडद्याच्या कोपऱ्यात अलगद एक चौकोन उगवला: ‘कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.’

विलास दचकला. खोटं आहे हे त्याला कळत होतं. तरी त्यानं केस मागं सारले आणि त्यावर दाबलं. आत पोट कमी करायचा चहा विकत होते.

एवढ्यावर निभावलं असतं, पण तिचे प्रश्न नाहीसे व्हायला लागले. आधी खाडी गेली, मग रिटायर नवरा. चोर शिरलाय आणि रोज एक उचलून नेतोय, अशी विलासची खात्री झाली. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, “काका, सगळं पुसून कोरा करकरीत करून देतो.” विलास मशीन परत काखोटीला मारून घरी आला. मग त्यानं पेणला शीतलला फोन केला.

शीतल वनिताची धाकटी बहीण. पेणला कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायची. वनिताला माऊस धरायला तिनंच शिकवलेलं. ती आली तीच तोंड सोडून.

“काय हो भावजी, ताई होती तोवर पानाला चुना लावायलासुद्धा विचारायचात. आता कुणालाबी परवानगी देत सुटलात?”

“फॉन्ट म्हणाला तो.”

“फॉन्ट म्हणाला! कंपनीत कुणीबी येऊन ‘पायपाचा वॉल उघड’ म्हटलं, तर उघडायचात का?”

“छे! लेखी परमिट लागतं. कोण, कशाला, किती वेळ, समदं बघायचं. मगच हात लावायचा.”

“मग हितं अक्कल कुठं ठेवलीत?”

बोलणी खाताना विलासला बरं वाटत होतं. आवाज वनितासारखाच होता.

शीतलनं मशीनवरच्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि तारखेनुसार लावली. त्या दिवशी फॉन्टच्या आडून आलेले दोन प्रोग्राम काढून टाकले. मग ब्राउझरला जोडलेलं एक एक्स्टेन्शन, जे कुणी मागितलंच नव्हतं. सुरुवातीचं पान पूर्वीचं केलं, शोधायचं ठिकाण पूर्वीचं केलं. वाट बघणारा तो चौकोन ज्या परवानगीवर उगवायचा, ती काढून घेतली. शेवटी मशीनमधल्याच अँटिव्हायरसला सगळं तपासायला लावलं.

“आता ऐका. काही हवं असलं तर ज्यानं बनवलंय त्याच्याच साइटवरून घ्यायचं. मोठं हिरवं बटण दिसलं की आधी संशय घ्यायचा. खाली बारक्या चौकोनात आधीच खुणा करून ठेवलेल्या असतात, त्या वाचून पुसून टाकायच्या. आणि परवानगी मागितली की नाय म्हणायचं. पाहुणा रागवत नाय.”

“प्रश्न परत येतील ना?”

“कसले प्रश्न?”

त्यानं सांगितलं. सांगताना तो खिडकीकडे बघत होता. शीतलनं पट्टीत एकेक अक्षर टाकून पाहिलं, मागच्या पानांची नोंद उघडली आणि हात थांबवला.

“भावजी, हे चोराचं काम नाय. हा ब्राउझरच विसरतो. तीन महिने झाले की जुनं आपसूक जातं.”

“म्हंजे समदे जाणार?”

“जे नुसते बघत बसलात ते जाणार. हत्ती बघा, अजून हाय. का? तुम्ही एंटर दाबलंत म्हणून. विचारलं की ते नवं होतं, राहतं.”

विलासला हे आत जायला वेळ लागला. ज्या एंटरनं घात केला म्हणून त्यानं हात आखडला होता, त्याच एंटरनं तिचे शब्द राहणार होते.

“वहीत लिहून काढा ना सरळ,” शीतल म्हणाली.

“वहीत लिवलं तर समदंच मी लिवलेलं होईल गो. हितं मी एक अक्षर टाकतो, बाकी ती.”

उरलेले प्रश्न थोडेच होते. शीतल सांगेल ते अक्षर विलास टाकत गेला आणि एंटर दाबत गेला. उंदराच्या शेपटीचं झालं, आंबोळीचं झालं. मग ‘म’ आला आणि त्याचं बोट अडलं.

‘मूर्तीचे डोळे आखताना हात थरथरतो उपाय’.

“हा राहू दे,” तो म्हणाला.

“उद्यापरवा जाईल हा.”

“तुला ठावं होतं?”

“व्हय. औंदा बरेचसे डोळे मी आखले. ताई बाजूला बसून सांगायची, खाली घे, वर घे.”

“मला बोलली नाय.”

“तुम्ही धाटावातनं सुटलात, आता जरा निवांत झोपतात म्हणायची. कशाला सांगायचं.”

ही ओळ विलासनं कितीतरी दुपारी पाहिली होती आणि लगेच ‘म’ खोडला होता. एंटर दाबलं तर कुठल्यातरी आजाराचं नाव येईल, आणि मग आपण ते वेळेवर ओळखलं नाही हे कायमचं समोर राहील, ही धास्ती होती. नाही दाबलं तर ओळच जाणार होती. बाहेर पाळी सुटलेल्यांच्या मोटारसायकली जायला लागल्या. त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

त्यानं एंटर दाबलं.

आजारांची नावं होती. चहा कमी करा, डॉक्टरला दाखवा, असंही होतं. तो सगळं सावकाश, मोठ्यानं वाचत गेला. खाली कुणा रंगाऱ्यानं लिहिलं होतं: कोपर टेकवा, श्वास सोडा, आणि श्वास सोडतानाच रेघ ओढा.

“हे ती करायची,” शीतल म्हणाली. “शेवटी शेवटी असंच करायची. मला वाटलं, तिचं तिलाच सुचलं.”

विलासनं कोपर टेबलावर टेकवलं. श्वास सोडला आणि टेबलावरच्या धुळीत बोटानं एक रेघ ओढली. जराशी वाकली, पण तुटली नाही. ती कोपऱ्याकडे वळवून त्यानं एका डोळ्याचा आकार केला, आत बुबुळ काढलं आणि बोट उचललं.

“बुबुळ मोठं झालं तर गणपती रागीट दिसतो,” शीतल म्हणाली. “थोडं आत घ्या.”