शेरे पुसू नयेत

पंचवटीतल्या नवजागर सार्वजनिक वाचनालयाचा वरचा मजला रिकामा करायचा, असा ठराव २००८ सालच्या जून महिन्यात कार्यकारिणीने मंजूर केला. ठराव कार्यवाह शेखर गांगुर्डे यांनी मांडला होता आणि त्यात दुष्टपणा काहीही नव्हता. स्पर्धा परीक्षेची मुलं जागा नाही म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करत होती आणि वर कथा-कादंबऱ्यांचे रॅक भिंतीला पाठ लावून नुसते उभे होते. दसऱ्यापर्यंत जे पुस्तक एकदाही वाचकाच्या घरी जाणार नाही ते रद्दीत घालायचं, आणि रिकाम्या जागी अभ्यासिका करायची, असं ठरलं.

"एकदाही?" ग्रंथपाल दीपमाला विधाते हिने विचारलं.

"एकदा गेलं तरी राहील," शेखर म्हणाला. "मी काय कसाई आहे का, मॅडम? पण वाचणारा नसेल तर ते पुस्तक कसलं? नुसता कागद."

तो बोलला ते खोटं नव्हतं, हे दीपमालालाही कळत होतं. तिचे वडील मखमलाबादहून झेंडू आणि शेवंती घेऊन बाजारात बसायचे. टोपल्या रिकाम्या होईपर्यंत शाळकरी दीपमालाला ते या वाचनालयात सोडून जात. वरच्या मजल्यावरच्या त्या कादंबऱ्या तिने तेव्हा जमिनीवर मांडी घालून वाचल्या होत्या. पुढे ती इथेच नोकरीला लागली, आणि गेली अकरा वर्षं खालच्या काउंटरवरून जिन्याकडे पाहत होती. जिना उभा होता. बहुतेक सभासद साठीच्या पुढचे. ते काउंटरवर यायचे, नवीन आलेलं काही आहे का विचारायचे आणि नसलं तर वर्तमानपत्र वाचून घरी जायचे.

"वाचक वर जात नसेल तर पुस्तकांनी खाली यायला हवं," ती शिपाई पुंजारामला म्हणाली.

"ताई, आणतो की. पण खाली ठेवायचं कुठं? तुमच्या डोक्यावर?"

तोडगा समोरच्या कुंदनने काढला. त्याचं सायबर कॅफे वाचनालयाच्या अगदी दारासमोर होतं. चुलतभावाच्या वरातीतला नाच त्याने यूट्यूबवर टाकला होता आणि तो दुबईतल्या मावशीने पाहिला म्हणून गेला महिनाभर तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

"ताई, पुस्तकं खाली कशाला आणायची? व्हिडिओ काढू ना. माणूस घरबसल्या रॅक बघेल, आवडलं की फोन करेल. सिंपल."

"आपल्या सभासदांकडे कॉम्प्युटर कुठे आहे?"

"त्यांच्या नातवांकडे आहे. आणि नातू नसला तर मी आहे."

कुंदनकडे छोटा डिजिटल कॅमेरा होता. एका सोमवारी, वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी, दोघांनी वरच्या मजल्याचं चित्रण केलं. कुंदन एकेका रॅकवरून सावकाश कॅमेरा फिरवत गेला आणि दीपमाला शेजारून बोलत राहिली: इकडे सामाजिक, इकडे ऐतिहासिक, इकडे रहस्यकथा. अपलोड व्हायला अख्खी दुपार गेली, त्यात एकदा वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आठवड्याने दोघांनी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर व्हिडिओखाली एकच प्रतिक्रिया होती: 'हिरव्या विटांचं गोदाम छान आहे. भाव काय?'

दीपमालाने व्हिडिओ पुन्हा लावला आणि तिच्या लक्षात आलं. वाचनालयाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पुस्तक आल्या आल्या बांधणीला जायचं. बांधणीवाला रंगीत मुखपृष्ठ काढून टाकायचा आणि हिरव्या रेक्झिनचं कव्हर चढवून पाठीवर पांढऱ्या रंगात नुसता दाखल क्रमांक घालायचा. अकरा वर्षं त्या क्रमांकांवर काम करून दीपमालाला ते चेहऱ्यांसारखे ओळखू यायला लागले होते. बाकीच्या जगाला मात्र त्या विटाच दिसणार होत्या.

"माझीच चूक," ती म्हणाली. "मला दिसतं ते सगळ्यांना दिसतं असं मी धरून चालले."

"मग आता एकेक पुस्तक उघडून दाखवा," कुंदन म्हणाला आणि नमुना म्हणून वरून आणलेल्या पुस्तकांतलं एक उघडून चाळायला लागला. चाळता चाळता तो शेवटच्या कोऱ्या पानाशी पोचला आणि खदाखदा हसला.

"काय झालं?"

"ऐका. 'पहिली वीस पानं दम धरा. मग चहा करायलासुद्धा उठणार नाही.' त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात: 'आमचं दूध उतू गेलं.'"

दीपमालाचा हात सवयीने टेबलावरच्या खोडरबराकडे गेला. पुस्तकावर लिहिणाऱ्यास दंड होईल, ही काउंटरमागची पाटी तिने स्वतः रंगवून घेतली होती. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ती शेवटच्या पानापासून तपासायची आणि वाचकांनी पेन्सिलीने लिहिलेले शेरे पुसून टाकायची. खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांत म्हणूनच एक ओळ सापडली नसती. वरची पुस्तकं तिच्या वेळेला कुणी नेलीच नव्हती. ती परत आली नाहीत, त्यामुळे तिच्या हातूनही सुटली होती.

"थांब, मला दे," ती म्हणाली, आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

त्या दुपारी पुंजारामने टोपल्यांनी पुस्तकं खाली आणली आणि तिघं शेरे वाचत बसले. एका रहस्यकथेत कुणीतरी ठणकावलं होतं: 'खुनी माळी नाही. उगाच संशय घेऊ नका.' पुंजाराम म्हणाला, "बघा ताई, तुमच्या समाजाची बाजू घेणारा कुणीतरी होता." एका जाड कादंबरीवर होतं, 'सासूबाईंच्या हाती देऊ नये.' एका पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं आणि त्याच्या समोर लिहिलं होतं, 'नाना, हे तुमचंच काम. शेवट सांगा, नाहीतर घरी येते.'

एक पुस्तक दीपमालाने बराच वेळ हातात धरून ठेवलं. त्याची सुरुवातीची पानं गळाली होती आणि नावही शिल्लक नव्हतं. शेवटच्या पानावर शाईने लिहिलं होतं: 'नायिका मूर्ख आहे. असल्या घरात कोण राहील?' त्याखाली पेन्सिलीने: 'तुम्ही तिच्या जागी असतात तर?' आणि त्याखाली बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात: 'मी होते. अकरावं प्रकरण वाचून बाहेर पडले.'

कुंदन हसायचा थांबला होता. "ताई, हे वाचा कॅमेऱ्यापुढे. जसं आहे तसं."

दीपमालाने ते तसंच वाचलं. पुस्तक थोडक्यात काय आहे ते ती दोन वाक्यांत सांगायची, मग शेवटचं पान कॅमेऱ्यापुढे धरून शेरे वाचायची. स्वतःचं मत द्यायची नाही. शेवट उघड करणारा शेरा असला तर त्यावर अंगठा ठेवायची. दर मंगळवारी एक व्हिडिओ जायचा. तिसऱ्या आठवड्यात देवळाली कॅम्पहून एक बाई बसने आली. नाव वेदिका, नवरा तोफखान्यात, सध्या सरहद्दीवर. काउंटरवर येऊन तिने नुसतं विचारलं, "अकरावं प्रकरण आहे का?"

"आहे," दीपमाला म्हणाली. "पण सभासद व्हावं लागेल."

"होते ना. आमच्या क्वार्टर्सच्या लाइनीतल्या आणखी पाच जणी होणार आहेत. सायबरमध्ये आम्ही सगळ्या मिळून बघतो. सासूबाईंना न द्यायचं ते पुस्तकही द्या, बाई. माझ्या सासूबाईंनीच मागितलंय."

जुलै संपता संपता लोक क्रमांक विसरून शेऱ्यांच्या नावाने पुस्तकं मागू लागले. 'दूध उतू गेलेलं' द्या. 'नानांनी फाडलेलं' आलं का? साठीच्या पुढचे सभासदही जिना चढू लागले. वर जाऊन ते पुस्तकं आधी शेवटच्या पानाशी उघडायचे. मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका पाटी रिकामी झाली की वाचनालयात शिरायच्या. दीपमालाने काउंटरमागच्या पाटीवरची दंडाची ओळ पुसली नाही, पण परत आलेली पुस्तकं शेवटच्या पानापासून तपासणं बंद केलं.

ऑगस्टमध्ये शेखरने व्हिडिओ पाहिले. तो तडक काउंटरवर आला.

"मॅडम, हे काय चाललंय? लोकांनी आपली पुस्तकं खराब केली आणि आपण ते जगाला दाखवतोय? उद्या पोरं पानोपानी लिहितील. व्हिडिओ काढून टाका."

"टाकते. दसऱ्यानंतर."

"मी आत्ता सांगतोय."

दीपमालाचा आवाज चढला नाही. "शेखरराव, ठराव तुमचा आहे. वाचक आला तर पुस्तक राहील. वाचक कसा आणायचा, ते ठरावात लिहिलेलं नाही."

"आणि कार्यकारिणीने मला विचारलं तर?"

"सांगा, ग्रंथपाल ऐकत नाही."

अकरा वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच नाही म्हणाली होती. "दसऱ्यापर्यंत," तो म्हणाला. "पण रॅक भरलेले दिसले तर रद्दीवाल्याला मीच घेऊन येईन. आणि अजून अर्ध्याहून जास्त पुस्तकं वर आहेत, हे मी मोजून आलोय."

तेही खरं होतं. पंचवटीचे आणि देवळालीचे वाचक मिळून किती नेणार? दीपमाला वर जाऊन रॅकसमोर उभी राहिली. रोज पुस्तकं जात होती, पण दसऱ्याआधी सगळी जातील असा हिशेब काही बसत नव्हता.

चार दिवसांनी चांदवडहून फोन आला. तिथल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल, बायडाबाई.

"तुमीच का त्या शेरेवाल्या? आवो, आमच्याकडं लाइट कधी हाय, कधी नाय. भाच्यानं तुमचे व्हिडू शीडीवर उतरवून आणले. लाइट आली की वाचनालयातल्या टीव्हीवर लावते. कांदा घेऊन येणारी माणसं लिलावाचा नंबर येईपर्यंत बसून बघत्यात."

"अरे वा! छान झालं की."

"काय छान? माझा जीव खात्यात! ते पुस्तक द्या म्हणत्यात, आन ते माझ्याकडं नायच. तुमचं हाय. मग मी काय देऊ, टीव्ही देऊ घरी?"

दीपमाला हसता हसता एकदम थांबली. एका वाचनालयाने दुसऱ्या वाचनालयाला पुस्तकं उसनी देण्याची सोय नियमांत होती. इतक्या वर्षांत कुणी मागितलीच नव्हती, म्हणून तिच्या डोक्यातून गेली होती.

"बायडाबाई, किती पाठवू?"

"किती हायेत?"

"टेम्पोभर."

"मग टेम्पोच पाठवा की! आन ऐका, आमच्या पुस्तकांतबी लय लिहिलेलं हाय. इतके दिवस मी त्यांना शिव्या घालत व्हते. आता म्या वाचून दाखवीन, तुमचा तो कुंदन तिकडं टाकील का?"

"टाकेल. आणि तुमचं पुस्तक इकडे कुणी मागितलं तर?"

"तर तोच टेम्पो माघारी येईल, रिकामा कशाला आणायचा!"

बायडाबाईंचा व्हिडिओ दीपमालाच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त पाहिला गेला. त्या शेरा वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याशी भांडायच्या: "म्हणे मधली चाळीस पानं सोडा! का सोडा? मला तर तीच आवडली." दीपमालाचं मत न देण्याचं धोरण त्यांना मान्यच नव्हतं. निफाडच्या वाचनालयाने सीडी मागवली, मग सिन्नरच्या, मग दिंडोरीच्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी खोडरबर बाजूला ठेवून कॅमेऱ्यापुढे बसलं. ज्यांच्याकडे इंटरनेट होतं त्यांनी स्वतः व्हिडिओ टाकले. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्या सीड्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती कुंदनकडे येत, आणि तो मालाच्या गाड्या सोडाव्यात तसे एकामागून एक व्हिडिओ अपलोड करत बसायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली की म्हणायचा, "थांबा, सिन्नर चढतंय."

पुस्तकं गठ्ठे बांधून जिन्यावरून खाली येत होती. ती उतरवायला पायऱ्यांवर बसलेली परीक्षेची मुलंच पुढे झाली. त्याशिवाय त्यांना बसायला जागा मिळत नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी शेखर आला. शब्दाला जागून त्याने रद्दीवाला गोरक्ष याला वजनकाटा आणि गोण्यांसकट सोबत आणलं होतं. दोघं जिना चढले. दीपमाला मागोमाग गेली. शेवटचा रॅक तिने आदल्या दिवशीही पूर्ण पाहिला नव्हता.

गोरक्षने काटा खाली ठेवला आणि चहूकडे नजर फिरवली. रॅक उघडे पडले होते. मागची भिंत कित्येक वर्षांनी दिसत होती आणि खिडकीतून उजेड थेट समोरच्या दारापर्यंत येत होता.

"साहेब, माल कुठंय?" त्याने विचारलं.

शेखर रॅकच्या रांगेतून चालत गेला. कोपऱ्यात वाळवी लागलेली, पानं गळालेली काही पुस्तकं दीपमालाने स्वतःच वेगळी काढली होती.

"एवढीच," ती म्हणाली. "ही वाचण्यासारखी राहिलेली नाहीत, न्या. बाकीची लोकांच्या घरी आहेत."

"सगळी?"

"नाशिक, देवळाली, चांदवड, निफाड, सिन्नर, दिंडोरी. कुठलं कुणाकडे आहे ते सांगू?"

"नको," शेखर म्हणाला. तो रिकाम्या जमिनीकडे पाहत होता. "म्हणजे जागा झाली."

"झाली. अभ्यासिका करा. रॅक निम्मे पुरतील. एवढी पुस्तकं एका वेळी परत येतील असं मला वाटत नाही."

गोरक्षने एकच गोणी भरली. "एवढ्यासाठी काटा वर चढवला होय?" असं पुटपुटत तो जिना उतरायला लागला, तर जिन्यातच अडकला. खालून मुलं वह्या, पाण्याच्या बाटल्या आणि सतरंज्या घेऊन धडाधड वर येत होती. खिडकीजवळची जागा कुणाची यावरून त्यांचं भांडणही सुरू झालं होतं.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. चांदवडचा टेम्पो पहिली खेप परत घेऊन आला होता, आणि ड्रायव्हरशेजारून बायडाबाई स्वतः उतरत होत्या. फाटकाशी वेदिका आणि तिच्या लाइनीतल्या बायका उभ्या होत्या, त्यांच्या मागे भाजीवाल्या, पंचवटीतले म्हातारे सभासद आणि टेम्पो येणार म्हणून कुंदनने कॅफेतून पिटाळलेली त्याची गिऱ्हाइकं.

"ताई, वर न्यायची ना?" पुंजारामने गठ्ठ्याची सुतळी सोडत विचारलं.

दीपमालाने गर्दीकडे पाहिलं. मग काउंटरवरचा शिक्का आणि पॅड उचलून ती टेम्पोच्या मागच्या फळीपाशी जाऊन उभी राहिली.

"वर कशाला?" ती म्हणाली. "रांग करा. शेखरराव, जरा गठ्ठे पुढे सरकवा."

शेखरने बाह्या सरसावल्या आणि तो टेम्पोत चढला. दुपारपर्यंत टेम्पो रिकामा झाला होता. त्यातलं एकही पुस्तक जिन्यापर्यंत पोचलं नाही.