अडीच फुटांची वाट

ताई जाड होत्या. उगाच आडपडदा कशाला? सासरचे 'अंगानं भरलेल्या' म्हणत, शेजारणी 'सुखवस्तू' म्हणत, आणि मागे काय म्हणत तेही ताईंना चांगलं ठाऊक होतं. जुन्या स्वयंपाकघरात ओट्याचा कोपरा रोज एकाच जागी लागून त्यांच्या कमरेवर निळा डाग पडला होता, तो काही केल्या जात नव्हता. म्हणून नवं घर घेतलं तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं, "मला सरळ चालता येईल असं स्वयंपाकघर द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बाकी नवऱ्यानं बघितलंच. त्याच्या साहेबांच्या स्वयंपाकघरात मधोमध एक ऐटबाज ओटा होता, आयलंड म्हणतात तसला. तो पाहिल्यापासून हे भूत त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. साहेबांचं आयलंड साडेतीन फूट रुंद, म्हणून याला चार फूट हवं. पलीकडे उंच खुर्च्या. "पाहुणे इथे बसतील, गप्पा मारतील, तू तिथे तुझं करत राहा," तो म्हणायचा. यांच्याकडे पाहुणे वर्षातून एकदा यायचे, तेही उभ्या उभ्या. पण सांगणार कोण?

त्या दिवशी सगळे रिकाम्या घरात माप बघायला गेले. डिझायनर मुलीनं फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावून आयलंड आखून ठेवलं होतं. ते आणि गॅसचा ओटा यांच्यामध्ये अडीच फुटांची वाट उरली होती. नवरा हात मागे बांधून त्या वाटेनं फिरून आला.

"बघ, कशी ऐसपैस आहे!"

ताईही चालून आल्या. कुठेच काही लागलं नाही. लागणार कसं? चिकटपट्टी कधी कुणाच्या कमरेला लागलीय? पावलं रेषेच्या आत होती, पण ताईंची कंबर रेषेबाहेर होती, आणि हे फक्त त्यांच्या कमरेलाच कळलं.

"बाहेरची खोकी आणा," त्या म्हणाल्या.

"आता हा काय पोरखेळ?" नवरा कुरकुरला, पण सामानाची खोकी आणून चिकटपट्टीच्या कडेनं ओट्याइतकी उंच रचली गेली. ताई वाटेत शिरल्या, दोन्हीकडून अडकल्या आणि तशाच मागे बाहेर आल्या.

"अगं, जरा अंग चोरून आडवी हो ना, नेहमीसारखी," नवरा म्हणाला. डिझायनर मान खाली घालून नकाशा बघू लागली. मग तो समजुतीनं म्हणाला, "आणि काम संपायला चार महिने आहेत. तोवर बारीक होशीलच की. जिमला जातेस ना?"

ताईंनी हेही गिळलं असतं. उभा जन्म आडव्या होण्यातच गेला होता. नाटकाच्या खुर्च्यांमधून, बसमधून, पंगतीतून, 'सॉरी हं, सॉरी' म्हणत. त्या आडव्या व्हायला निघाल्याही होत्या.

तेवढ्यात त्यांची लेक वाटेपलीकडच्या खिडकीतली पाण्याची बाटली घ्यायला आली. नववीतली पोर, बांधा थेट आईचा. कुणी काही सांगितलं नाही. ती वाटेच्या तोंडाशी आपणहून आडवी झाली, पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि सरकत सरकत गेली. कोपर एका खोक्याला लागलं.

"सॉरी," ती खोक्याला म्हणाली.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला म्हणालीस गं?"

"कुणाला नाही. सवयीनं."

ही सवय लावली कुणी? दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची सोयच नव्हती. ताई वाटेत शिरल्या, पाय रोवले आणि कमरेनं खोक्यांना असा रेटा दिला की अख्खी रांग करकरत मागे सरकली.

"अगं, अगं! प्लॅन ठरलाय!"

"मग मोडा!" दुसरा रेटा. "आता जरा ओट्यालाच पोट आत घेऊ दे!"

"ताई, अशानं आयलंड अडीच फुटांचंच उरेल," डिझायनर हळूच म्हणाली.

"उरू दे. इतकी वर्षं मी मावून घेतलं, आता त्यानं मावावं."

"आणि खुर्च्या?" नवरा.

"गेल्या खड्ड्यात. अहो, आज जी बाई या घरात आहे तिच्यासाठी ओटा बांधायचा, की चार महिन्यांनी येईल न येईल तिच्यासाठी? ती आली तर बघू तिचं काय ते. आत्ता मी आहे!"

नवऱ्यानं आशेनं डिझायनरकडे पाहिलं. ती गुडघ्यांवर बसून नखानं जुनी पट्टी उकरत होती. "ताई, ओव्हनचं दार उघडं असतानाही जायचंय का तुम्हाला?"

"जायचंय. गरम पातेलं हातात घेऊन जायचंय."

"मग अजून चार बोटं मागे घेऊ."

ताई वाटेतून बाहेर आल्या आणि पलीकडे उभ्या लेकीकडे वळल्या. "आता ये परत."

पोरीचा खांदा आपोआप वळला.

"अंहं. सरळ. आणि श्वास घेत ये."

ती बिचकत आली. दोन पावलांनंतर तिनं कोपरं बाहेर काढून पाहिली. कुठेच लागली नाहीत. वाटेच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील कमरेवर हात ठेवून उभे होते. ती त्यांच्यासमोर येऊन थांबली, पण आडवी काही झाली नाही.

"बाबा, सरक ना," ती म्हणाली. "मला जायचंय."

बाबा सरकले.